जेएफआर आणि मिशन कंट्रोल : रिस्टार्ट मारून मारून थकलेल्याचा रिव्ह्यू

जावावाल्यांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी पुढे सरका. जावा फ्लाइट रेकॉर्डर म्हणजे जेएफआर, चालू ॲपच्या आत काय चाललंय ते टिपून ठेवणारं टूल, जेडीकेमध्येच (जावाच्या डेव्हलपमेंट किटमध्येच) येतो, एक रुपया लागत नाही, आणि तरी आमच्या टीममध्ये कोणी हात लावला नव्हता. कारण जुनी धास्ती. पूर्वी ओरॅकलच्या जेडीकेत हे कमर्शियल फीचर होतं, प्रॉडक्शनला वापरायचं तर लायसन्स. 2018 ला जेडीके 11 मध्ये ते ओपन सोर्स होऊन आलं, 2020 मध्ये ओपनजेडीके 8 च्या अपडेट 262 मध्येपण आलं, पण "अरे ते पेड आहे ना" काही डोक्यातून जाईना.

तर आमची एक सर्व्हिस दर तीन-चार दिवसांनी मान टाकायची. जीसी (नको असलेली मेमरी मोकळी करणारी जावाची सफाई) झाल्यावर मेमरी खाली यायची खरी, पण दरवेळी आधीपेक्षा थोडी वरच थांबायची. हीप डंप (ॲपच्या मेमरीची कॉपी) मागितला तर ऑप्सवाले नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबरच होतं, डंप होईपर्यंत अख्खं ॲप थांबतं आणि फाइलमध्ये कस्टमरचा डेटा जसाच्या तसा.

मग जेसीएमडी या जेडीकेमधल्या कमांडने चालू प्रोसेसवरच रेकॉर्डिंग लावलं, प्रोफाइल सेटिंग ठेवून, आणि रात्रभर सोडून दिलं. रेकॉर्डिंग बाहेर काढताना जीसी रूटपर्यंतचा पाथ (ऑब्जेक्टला कोणी कोणी धरून ठेवलंय ती साखळी) मागायचा, तो ऑप्शन बाय डिफॉल्ट बंद असतो, विसरलात तर रात्र फुकट (त्यानेही ॲप थोडं थांबतं, तेव्हा भर गर्दीत नको). सकाळी फाइल मिशन कंट्रोलमध्ये, म्हणजे ही रेकॉर्डिंग बघायच्या टूलमध्ये, उघडली तर साखळी समोरच : बाइट ॲरे, त्याला धरून रिपोर्टचं ऑब्जेक्ट, त्याला धरून कॉन्करंट हॅशमॅप, आणि सगळ्यात वर एक स्टॅटिक फील्ड, नाव काय तर टेम्पकॅशे! की मध्ये मिलिसेकंदासकट टाइमस्टॅम्प. म्हणजे त्या कॅशेमधून एकदा ठेवलेलं कधी परत सापडणारच नव्हतं, नुसतं साठत चाललेलं.

आता कुरकुर. मिशन कंट्रोल दिसायला जुनाट, मोठी फाइल दिली की धापा टाकतं. कोणी किती मेमरी अडवलीय हे नीट कळत नाही, कारण हाती येतात ते सॅम्पल, एकूण आकड्यासाठी शेवटी हीप डंप आणि तो तपासायचं टूल एक्लिप्स मॅटच. कंटेनरमध्ये नुसता जेआरई (जावा चालवण्यापुरता भाग) असेल तर जेसीएमडी सापडतच नाही, तेव्हा रेकॉर्डिंग स्टार्टअपच्या फ्लॅगनेच लावून ठेवा, डिफॉल्ट सेटिंगला ओव्हरहेड साधारण 1 टक्का धरा.

आणि एक, यात मी दोन दिवस घालवलेत. आमच्या जेडीके 17 वर डिफॉल्ट सेटिंगमध्ये 20 मिलिसेकंदांच्या आतला सॉकेट रीड (नेटवर्कवरून डेटा वाचणं, डेटाबेसचं उत्तरही त्यातच) नोंदवलाच जात नाही. एका रिक्वेस्टला 5-5 मिलिसेकंदांच्या तीनशे क्वेऱ्या जात होत्या आणि रेकॉर्डिंगमध्ये डेटाबेस एकदम निर्दोष. ते शेवटी असिंक प्रोफायलर या दुसऱ्या टूलच्या वॉल क्लॉक मोडने (थांबून राहिलेला वेळही धरणाऱ्या) पकडलं.

5 पैकी 4. अर्धा मार्क त्या 20 मिलिसेकंदांचा कापला, अर्धा मिशन कंट्रोलच्या धापांचा.