कॉर्नरस्टोन की सक्सेसफॅक्टर्स? उद्यमबागेतून पाहताना

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत ट्रेनिंगची नोंद अजून रजिस्टरातच होते. पानांवर तेलकट अंगठ्यांचे डाग, सह्या निम्म्या मराठीत, निम्म्या कन्नडमध्ये. आता मालकांना त्यासाठी सॉफ्टवेअर हवंय, आणि माझ्यापुढे कॉर्नरस्टोन आणि सक्सेसफॅक्टर्स ही दोन नावं आलीत.

सक्सेसफॅक्टर्सची गोष्ट लवकर संपते. 2001 मध्ये सुरुवात, 2007 मध्ये शेअर बाजारात, आणि 2011 च्या डिसेंबरात सॅप या बड्या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे 340 कोटी डॉलरचा सौदा जाहीर केला. मोठ्या घरात गेली ती तिथेच नांदतेय. ज्यांचा हिशेब आधीच सॅपवर आहे, त्यांनी फार डोकं खाजवू नये.

कॉर्नरस्टोनचं तसं नाही. 1999 मध्ये ती जन्मली सायबरयू या नावाने. मूळ धंदाच ऑनलाइन शिकवण्याचा. 2011 मध्ये तीही बाजारात उतरली. 2020 मध्ये जुनी प्रतिस्पर्धी सबा गिळली, आणि पुढच्याच वर्षी क्लिअरलेक या गुंतवणूक कंपनीने सुमारे 520 कोटी डॉलर मोजून तिला शेअर बाजारातून बाहेर काढलं. 2022 मध्ये समटोटल ही आणखी एक ट्रेनिंग सॉफ्टवेअर कंपनीही पदरात. एवढी घरं एकत्र आली की एकाच कामाची तीन-तीन भांडी होतात. त्यातलं कुठलं मोडीत जाणार, ते करार करण्याआधी विचारून घ्यावं. तरी निव्वळ ट्रेनिंगपुरता माझा कल तिकडेच.

भट्टीवरच्या मामांनी मात्र एवढंच विचारलं, "ह्यात अंगठा चालतोय काय हो?"