पैसे ‘वन टू वन’चे, मदतनीस मात्र सहा जणांत वाटलेला

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ माणसाला निवासी संस्थेत ठेवताना सगळ्यात मोठी फसवणूक होते ती तासांची. इमारत नीटनेटकी असते, भिंतीवर रंगीत वेळापत्रक लावलेलं असतं, व्यवस्थापक गोड बोलतात. करारात एक ओळ असते: ‘रोज १२ तास स्वतंत्र मदतनीस’, म्हणजे ‘वन टू वन’, त्या वेळात फक्त आपल्याच माणसासाठी एक माणूस. शुल्काचा मोठा हिस्सा त्या ओळीपोटी घेतला जातो आणि नेमकी तीच ओळ पाळली जात नाही.

हे प्रकरण चौतिशीतल्या एका माणसाचं आहे. फिट्स येतात, गिळायला त्रास होतो, दुखलं-खुपलं बोलून सांगता येत नाही. घरच्यांनी त्या ओळीचे पूर्ण पैसे भरले. प्रत्यक्षात दिवसपाळीला सहा रहिवाशांमागे तीन कर्मचारी होते आणि सहापैकी तिघांच्या करारात हीच ओळ होती. त्या तीन घरांची आपसांत गाठ पडली, तेव्हा कुठे हिशेब उघड झाला: तिघांना स्वतंत्र माणूस दिला, तर उरलेल्या तिघांसाठी कुणीच उरत नव्हतं. तोवर प्रत्येक घराला वाटत होतं, समोर दिसणारा मदतनीस आपल्याच माणसासाठी आहे.

हिशेब साधा आहे आणि तो प्रवेशाआधीच मांडता येतो. रोज १२ तास म्हणजे आठवड्याला ८४ तास. एक कर्मचारी आठवड्याला ४८ तास काम करतो असं धरलं, तर एका रहिवाशासाठीच जवळपास दोन माणसं लागतात. असे तिघे असतील तर २५२ तास, म्हणजे पाचाहून जास्त माणसं, आणि त्यात सुट्ट्या-आजारपण धरलेलंच नाही. चोवीस तासांची सोबत सांगत असतील तर आठवड्याचे १६८ तास होतात. उरलेल्या रहिवाशांसाठीची माणसं वेगळीच. म्हणून ‘तुमच्याकडे किती कर्मचारी आहेत’ असं विचारू नका, त्याला मोघम उत्तर मिळतं. ‘किती रहिवाशांना स्वतंत्र मदतनीस मंजूर आहे आणि आत्ता या पाळीत किती जण हजर आहेत’ असं विचारा. मग मागच्या महिन्याचा ड्युटी-तक्ता आणि हजेरीपट दोन्ही मागा. तक्त्यात चार नावं आणि हजेरीत तीन, ही तफावत नेहमीची. स्वयंपाक, कपडे आणि साफसफाई करणाऱ्यांना ‘मदतनीस’ म्हणून मोजलं आहे का, तेही पाहा.

माणसं कमी पडली की त्याची भरपाई आपल्या माणसाच्या अंगावर होते. शौचालयात न्यायला वेळ नाही म्हणून डायपर लावतात. भरवायला वेळ नाही म्हणून घास भराभर देतात. अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. कंटाळून किंवा पोटात दुखतं म्हणून तो ओरडला, तर ‘वर्तन समस्या’ अशी नोंद होते आणि गोळी दिली जाते. हे सगळ्यात वाईट. अँटीसायकोटिक औषधं मनोविकार नसतानाही निव्वळ शांत ठेवायला वापरली जातात. दिवसा पेंग, लाळ गळणं, हात थरथरणं, वजन वाढणं, बद्धकोष्ठता, चालताना पाय घासणं अशी लक्षणं दिसली तर औषधाचा तक्ता मागा. त्यात ‘गरज पडल्यास’ द्यायच्या गोळ्यांचा रकाना आधी वाचा. कधी दिली, कशामुळे दिली, त्याआधी दुसरं काय करून पाहिलं आणि नंतर काय झालं, या चारही गोष्टी लिहिलेल्या हव्यात. एकाच पाळीत किंवा सुट्टीच्या दिवशीच गोळ्या वाढलेल्या दिसल्या, तर तो तक्ता औषधाचा नसून मनुष्यबळाच्या तुटवड्याचा आहे. मात्र औषध स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवलं तर त्रास वाढतो, आणि फिट्सची गोळी थांबवणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांकडून फेरतपासणी मागा.

दैनंदिन नोंदवहीवर भिस्त ठेवू नका. ‘दिवस चांगला गेला, जेवण केले’ हे एकाच शाईत, एकाच अक्षरात आठवडाभर दिसलं, तर ते एका बैठकीत लिहिलेलं असतं. वस्तू मात्र खोटं बोलत नाहीत. गिळताना श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून ज्याला पाणी पावडर घालून दाट करून द्यायला सांगितलं आहे, त्याचा पावडरीचा डबा पाहा. एका पेल्याला दोन मापं ठरली असतील आणि दिवसाला सात पेले जात असतील, तर रोज १४ मापं लागतात. शंभर मापांचा डबा आठवड्यात रिकामा व्हायला हवा. या माणसाचा डबा महिना उलटूनही अर्धा भरलेला होता. नोंदवहीत मात्र प्रत्येक पेल्यापुढे बरोबरची खूण होती. हाच हिशेब डायपरच्या पाकिटांना आणि टूथपेस्टला लागू पडतो. वजनाचा आणि शौचाचा तक्ता वेगळा मागा. बोलू न शकणाऱ्या माणसाची बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते.

रात्रीबद्दल एकच प्रश्न: रात्रीचा कर्मचारी जागा असतो की तिथेच झोपतो? फिट पाच मिनिटांहून लांबली की गालात किंवा नाकात द्यायचं औषध द्यावं लागतं. झोपलेल्या माणसाला फिट कधी सुरू झाली हेच कळत नाही. ते औषध कुठे ठेवलं आहे, मुदत संपली आहे का आणि आजच्या पाळीत ते कुणाला देता येतं, हे तिथेच उभं राहून विचारा.

महागडी जागा म्हणजे सुरक्षित जागा, हा समज सोडा. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलजवळ विंटरबर्न व्ह्यू हे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठीचं खाजगी रुग्णालय होतं. एका रुग्णामागे आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड घेतले जात. २०११ मध्ये बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने तिथली मारहाण दाखवली. पुढे ११ कर्मचारी दोषी ठरले, त्यातले सहा तुरुंगात गेले. आतल्याच एका वरिष्ठ परिचारकाने आधी केलेली तक्रार अशा जागांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक यंत्रणेने मनावर घेतली नव्हती.

भेटीची वेळ कळवून जाऊ नका. संध्याकाळी सात-आठला आणि सुट्टीच्या दिवशी जा. ‘आधी फोन करूनच या’ ही अट करारात असेल तर सही करण्याआधी ती काढून घ्या. वैयक्तिक खर्चाच्या पैशांच्या पावत्या दरमहा मागा.

संशय आला तर क्रम चुकवू नका. आधी ड्युटी-तक्ता, औषधाचा तक्ता, नोंदवही आणि शुल्काच्या पावत्या यांच्या प्रती हातात घ्या, तारखेसह फोटो काढा, इतर रहिवाशांच्या घरच्यांशी करार ताडून पाहा. लेखी तक्रार त्यानंतरच. तक्रार आधी पोहोचली की तक्ते रातोरात नव्याने लिहून तयार होतात. तक्रारीत ‘नीट काळजी घेत नाहीत’ असं मोघम लिहू नका. अमुक तारखेला १२ तासांचे पैसे घेतले, हजेरीप्रमाणे इतके तासच माणूस दिला, फरकाची रक्कम परत हवी, असं लिहा आणि पोच घ्या. एक प्रत नियामक यंत्रणेला त्याच दिवशी पाठवा. आणि करारातली नोटीस-मुदत आधीच पाहून दुसरी जागा हाताशी ठेवा, कारण तक्रार करणाऱ्याच्या माणसाला ‘आम्हाला सांभाळणं जमत नाही’ म्हणून बाहेर काढणं, हे यांचं ठरलेलं उत्तर असतं.