जुन्या वाचनालयाचे कलाकेंद्र : संपूर्ण रूपांतर की सहवास?

सोलापुरातील एखाद्या जुन्या दगडी वाचनालयाच्या विश्वस्तांनी वास्तूचे सार्वजनिक कलाकेंद्र करण्याचे मनावर घेतले, तर त्यांच्यापुढे दोन मार्ग असतात. ग्रंथसंग्रह अन्यत्र हलवून सर्व दालने नाटक, संगीत, नृत्य आणि चित्रकलेसाठी खुली करायची, किंवा वाचनालय जागेवर ठेवून दालनांची व वेळांची वाटणी करायची. माझा कल दुसऱ्या मार्गाकडे आहे. मात्र पहिल्यातही बळ आहे.

संपूर्ण रूपांतराचे ठळक उदाहरण शिकागोचे आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयाची 1897 मधील भव्य वास्तू 1970 च्या दशकात सांस्कृतिक केंद्र झाली आणि तेथील प्रदर्शने व मैफली नागरिकांना विनामूल्य पाहता येतात. परंतु मुख्य ग्रंथसंग्रहाला स्वतःची कायमची इमारत मिळायला 1991 साल उजाडले. एवढ्या संपन्न शहरात पुस्तकांना इतकी वर्षे तात्पुरत्या जागी राहावे लागले, हे ध्यानात ठेवावे. सहवासाचे उदाहरण आपल्याला जवळ, मुंबईत सापडते. 1870 मध्ये बांधून झालेल्या डेव्हिड ससून ग्रंथालयाचा जीर्णोद्धार होऊन ते 2023 मध्ये वाचकांसाठी पुन्हा खुले झाले, आणि काळा घोडा कला महोत्सवातील साहित्यविषयक कार्यक्रम त्याच्याच बागेत रंगत आले आहेत.

वास्तूच्या दृष्टीने पाहिले, तर खरी परीक्षा मजल्यांची आहे. भारतीय मानकानुसार पुस्तकांच्या मांडण्यांच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला किमान 6 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 600 किलो भार धरतात, तर बसवलेल्या खुर्च्या नसलेल्या सभागृहासाठी 5 किलोन्यूटन. त्यावरून, ज्या मजल्याने इतकी वर्षे कपाटे पेलली तो प्रेक्षकही पेलेल, असा निष्कर्ष काढला जातो. तो धोक्याचा आहे. पुस्तकांचा भार स्थिर असतो, तर लेझीम किंवा कथकची पावले एकाच लयीत आदळतात आणि कडीपाटाचा, म्हणजे लाकडी तुळया व फळ्यांचा, मजला त्या लयीने कंप पावू लागतो. शिवाय वरच्या मजल्याला एकच अरुंद लाकडी जिना असेल, तर तेथे गर्दीचा कार्यक्रम ठेवणे कोणत्याही मार्गात अयोग्यच. नृत्य आणि प्रयोग तळमजल्यावर, चित्रकला व वाचन वर, ही विभागणी मला सुरक्षित वाटते.

आवाजाचा प्रश्न दोन्ही मार्गांत वेगळ्या रूपाने येतो. भरलेली कपाटे ध्वनी शोषून घेतात. ती हलवली की उघड्या दगडी भिंतींमध्ये संवाद घुमू लागतात आणि पडदे, फलक यांवर खर्च करावा लागतो. सहवासात कपाटे राहतात, पण तबल्याच्या शेजारी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास होत नाही. अभ्यासिका पहाटेपासून गजबजते, कलावर्ग आणि तालमी बहुधा संध्याकाळी असतात. मात्र संध्याकाळी वृत्तपत्रे चाळायला येणारे ज्येष्ठ वाचक या दोहोंच्या कात्रीत सापडतात. त्यांच्यासाठी स्वतंत्र दालन राखता येत नसेल, तर सहवासाचा आग्रह मी धरणार नाही.

पैशाची बाजू थोडक्यात मांडता येईल. संपूर्ण कलाकेंद्राला भाड्याचे उत्पन्न अधिक मिळू शकते. वाचनालय चालू राहिले, तर 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता आणि अ, ब, क, ड वर्गानुसार मिळणारे अनुदान टिकवता येते. संग्रह बांधून ठेवला की तो आधार जातो.

गरज कोणाची, हेही पाहावे. मोठ्या नाटकांसाठी सोलापूरला हुतात्मा स्मृती मंदिर आहेच. एकांकिकांच्या तालमी, छोट्या मैफली आणि चित्रप्रदर्शने यांना बेताच्या आकाराच्या, परवडणाऱ्या जागा लागतात, आणि त्यासाठी सबंध वास्तू रिकामी करण्याची गरज नाही. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या या गावात चारही भाषांची पुस्तके एका छताखाली असणे आणि त्याच छताखाली त्या भाषांतील काव्यवाचन होणे, याचे मोल मला भाड्याच्या उत्पन्नापेक्षा मोठे वाटते.

संग्रहाला आधीच सुरक्षित, वाचकांना सोयीची दुसरी इमारत मिळालेली असेल, तर मात्र संपूर्ण रूपांतर निःशंकपणे स्वीकारावे. कोणताही मार्ग निवडला, तरी दुरुस्तीत चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवू नये, कारण त्यामुळे ओल आतच कोंडते. बाहेरच्या संस्थेला वास्तू चालवायला देताना, सार्वजनिक न्यासाची इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, ही 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यातील कलम 36 ची अट करारापूर्वीच वकिलांकडून तपासून घ्यावी.