जाळी, सापळा की विष? बागेतल्या उंदीर-घुशींसाठी काय निवडावं

सकाळी बागेत जावं तर पिकत आलेला टोमॅटो एका बाजूने कुरतडलेला आणि शेजारचं रोपटं बुंध्याशी आडवं. हात लगेच विषाच्या पुडीकडे जातो. पण आधी चोर ओळखा, कारण उपायाची निवड त्यावरच ठरते. रोप जमिनीलगत कापून तसंच टाकून दिलं असेल तर ते बहुतेक कुरतडणाऱ्या अळीचं काम, उंदराचं नव्हे. पानांना वेडीवाकडी भोकं आणि जवळ वाळलेल्या शेंबडासारखी चकाकती रेघ म्हणजे गोगलगाय. तांदळाच्या दाण्याएवढ्या लेंड्या लहान जातीच्या उंदराच्या; दीड सेंटिमीटरच्या आसपास असतील तर मोठ्या जातीचा उंदीर. बिळाच्या तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग आणि तोंड मातीने बुजवलेलं दिसलं, तर घूस आहे असं समजा. चिचुंद्री दिसली तर तिला जाऊ द्या. ती उंदराच्या कुळातली नाही, तिचा जीव किड्यांवर असतो आणि तुमच्या भाज्यांशी तिला देणंघेणं नाही.

आता निवड. माझं मत आधीच सांगतो: जमिनीवरच्या वाफ्यांसाठी जाळी, आत्ता चालू असलेल्या नासाडीसाठी चाप, आणि विष अगदी नाइलाज झाला तरच.

जाळीचा खर्च आणि खटाटोप सुरुवातीला सगळ्यात जास्त. पण चाप आणि विष आलेल्या उंदराचा हिशेब करतात, पुढे येणाऱ्याचा नाही. उंदरीण साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं सहज होतात. त्यामुळे खाणं आणि आडोसा तसाच राहिला की रिकामी झालेली जागा फार दिवस रिकामी राहत नाही. जाळीला या गणिताशी कर्तव्य नसतं. मात्र ती योग्य हवी, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. मीही पहिल्या वर्षी कोंबडीजाळी लावली होती. तिच्या भोकांतून उंदराची पिल्लं ये-जा करत होती आणि मी बाहेरून कौतुकाने बघत होतो. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून शिरतो, म्हणून भोक 6 मिलिमीटरचं हवं. फक्त मोठे उंदीर आणि घुशी असतील तर 12 मिलिमीटर चालतं. जाळी जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेची, जोड वेल्ड केलेली घ्या. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि तो ते झिजवतही राहतो, त्यामुळे प्लॅस्टिकची जाळी त्याच्यापुढे फार टिकत नाही.

घुशीसाठी जाळी जमिनीत 30 सेंटिमीटर तरी गाडा आणि खालची कड बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवा, पंधरा-वीस सेंटिमीटर. घूस कुंपणाच्या अगदी पायथ्याशी उकरायला लागते आणि खाली तिला आडवी जाळी लागते. मागे सरून लांबून सुरुवात करावी हे सहसा तिला सुचत नाही. चढणाऱ्या काळ्या उंदराला नुसतं कुंपण म्हणजे शिडीच, तिथे वरूनही झाकण हवं. झाकणाची एक अडचण आहे. मधमाशी बारीक जाळीतून जायला कचरते, भुंग्यासारख्या मोठ्या कीटकाला तर शिरताच येत नाही, आणि काकडी-भोपळ्याला फळ धरण्यासाठी हे पाहुणे लागतात. फुलोऱ्याच्या दिवसांत झाकण सकाळी उघडा, तिन्हीसांजेला लावा. उंदीर मुख्यतः रात्रीचे असल्याने ते निभतं.

सापळ्यांमध्ये स्प्रिंगचा चाप आणि पिंजरा यांत तुलना करायची तर चाप वरचढ. नीट बसला तर क्षणात काम होतं. पिंजऱ्यात जीव वाचतो खरा, पण पुढचा प्रश्न तुमच्याच हातात उरतो. जवळ सोडला तर परत येतो. लांब अनोळखी जागी सोडला तर बिळाविना तो बहुधा फार जगत नाही, आणि जगला तर दुसऱ्याच्या बागेत. पिंजरा लावलाच तर पहाटे बघा, उन्हात तापलेल्या पिंजऱ्यातला मृत्यू चापापेक्षा वाईट. चिकट पाटी मी या तुलनेत धरतच नाही. जनावर तासन्‌तास तडफडतं आणि पाली, चिमण्याही चिकटतात.

चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवा, कारण उंदीर मिशा भिंतीला घासत कडेकडेने जातो. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून तीन-चार दिवस चाप न ताणता नुसतं आमिष खाऊ द्या, मग ताणा. लहान उंदीर उलट चौकस असतो, पहिल्या रात्रीच सापडू शकतो. एकाऐवजी चार-पाच चाप एकदम लावा, आणि बागेत ते खोक्याखाली किंवा पाइपच्या तुकड्यात ठेवा, नाहीतर खार किंवा पक्षी अडकेल. मेलेला उंदीर उचलताना हातमोजे घाला. लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे जंतू उंदराच्या लघवीतून पसरतात.

विष सगळ्यात सोपं वाटतं, कारण टाकलं की काम संपलं असं वाटतं. ब्रोमाडिओलोनसारखी औषधं रक्त गोठू देत नाहीत, पण मरायला काही दिवस लागतात. तेवढ्यात उंदीर बिळात, भिंतीमागे, कुठेही जाऊन मरतो आणि वास तुम्ही शोधत बसता. त्याहून वाईट म्हणजे सुस्तावलेला उंदीर उघड्यावर हिंडतो, घुबडाला आयता सापडतो आणि विष पुढे सरकतं. कुत्र्याने या गोळ्या खाल्ल्या तर वेळेत पशुवैद्य गाठल्यास के-1 जीवनसत्त्व हा उतारा आहे. झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या विषाला उताराच नाही. पोटात त्याचा विषारी फॉस्फिन वायू होतो. शिवाय ते थोडं खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाच्या वाटेला जात नाही. घरात मूल किंवा पाळीव जनावर असेल तर विषाचा पर्याय यादीतून काढूनच टाका. उपद्रव हाताबाहेर गेला असेल तर कुलूपबंद आमिषपेटी, आणि तीही जाणकाराकडून बसवून घेतलेली.

भोंगे, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवण्याचा दावा करणारी अल्ट्रासॉनिक यंत्रं, घेऊ नका. आवाज अडथळ्यापलीकडे जात नाही आणि उंदीर सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने 2001 साली अशा यंत्रांचे दावे करणाऱ्या 60 हून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना ताकीद दिली होती. मांजराबद्दलही भाबडेपणा नको. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा-पुनर्प्रक्रिया केंद्रात संशोधकांनी 79 दिवस कॅमेरे लावले, तेव्हा भटक्या मांजरांनी मारलेले मोठे उंदीर भरले दोन. मांजर असलं की उंदीर दिसेनासे होतात, संपत नाहीत.

किड्यांचं थोडक्यात, कारण तिथे निवड सोपी आहे. मावा आणि पिठ्या ढेकणाला साबणाचं पाणी अंगावर पडलं तरच लागू पडतं, म्हणून पानाची खालची बाजू भिजवा. कडुनिंबाचं तेल सावकाश काम करतं, किड्यांचं खाणं आणि वाढ रोखतं, पण उन्हात लवकर निष्प्रभ होतं; फवारा संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. गोगलगायींसाठी रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचणं सगळ्यात खात्रीचं. गोळ्या टाकायच्याच तर मेटाल्डिहाइडपेक्षा आयर्न फॉस्फेट बरं, पहिलं कुत्र्यांना घातक आहे. मीठ मात्र नको, माती बिघडते.

बाल्कनीत चार कुंड्या असतील तर जाळी गाडायचा प्रश्नच नाही. दोन चाप आणि गळलेली फळं रोज उचलणं एवढं पुरतं. जमिनीवर वाफे असतील तर जाळीच, पण एक काळजी घ्या. आधी आतली बिळं तपासा. संध्याकाळी प्रत्येक तोंडात चुरगाळलेला कागद कोंबा. सकाळी बाहेर ढकललेला दिसला तर चोर आतच राहतो आहे. आधी तिथे चाप लावा, आणि सलग तीन-चार रात्री कागद जागचा हलला नाही की मगच जाळी गाडायला घ्या, नाहीतर घूस आत आणि तिची तटबंदी तुमच्या खर्चाने.