मसाई माराला काय न्यावं: ६०० ची प्राइम की झूम?

केनियातल्या मसाई मारा अभयारण्याचं बुकिंग झालं की पहिला प्रश्न लेन्सचा येतो. ६०० एमएम एफ/४ ची प्राइम (एकाच, न बदलणाऱ्या फोकल लांबीची लेन्स) भाड्याने घ्यावी, की २००-६०० ची झूम पुरे? पहिल्यांदा जाणाऱ्याने झूमच न्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. प्राइमचा मान मोठा आहे, पण तो कुठे कामी येतो हे आधी समजून घ्या.

प्राइमची खरी ताकद पहाटे दिसते. रात्री फिरणारे सिंह आणि बिबटे हालचाल करताना दिसण्याची चांगली संधी असते ती उजाडायच्या सुमारास. तेव्हा प्राइमवर एफ/४ मिळतं, झूमवर ६०० ला एफ/६.३ (आकडा लहान तितका प्रकाश जास्त). म्हणजे जिथे प्राइमला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० पुरतो, तिथे त्याच शटरस्पीडला झूम ४००० मागते. मागचं गवतही प्राइममध्ये लोण्यासारखं विरघळतं. हा फरक फोटोत दिसतो, नाकारण्यात अर्थ नाही. पण गेल्या काही वर्षांत जास्त आयएसओमुळे येणारे दाणे, म्हणजे नॉइज, काढणारी सॉफ्टवेअर इतकी सुधारली आहेत, की ४००० ला आता कुणी घाबरत नाही.

उलट बाजू अंतराची. मारा नॅशनल रिझर्व्हमध्ये गाडीने रस्ता सोडायला मनाई आहे. प्राणी जिथे आहे तिथे आहे, तुम्ही पुढेमागे सरकू शकत नाही. हत्तींचा कळप रस्ता ओलांडताना बॉनेटसमोर आला, तर ६०० मधून फक्त सुरकुत्या आणि एक डोळा दिसतो. अशा वेळी झूम २०० वर आणली की निदान तोंड, सोंड आणि पिल्लू एका चौकटीत बसतं. लगतच्या कॉन्झर्व्हन्सींमध्ये (स्थानिकांच्या जमिनींवरची राखीव क्षेत्रं), मारा नॉर्थ किंवा नाबोइशोसारख्या ठिकाणी, नियम पाळून गाडी रस्त्याबाहेर नेता येते. तिथे तर प्राणी आणखी जवळ मिळतात. जुलै ते ऑक्टोबरदरम्यान नदी ओलांडणारे विल्डेबीस्ट टिपायचे असतील, तर नुसती प्राइम घेऊन जाणं मला पटत नाही. हजारो जनावरं, धूळ, काठावरची उडी, हे सगळं रुंद चौकटीतच कळतं.

मग वजन. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून माराला जाणाऱ्या छोट्या विमानांत साधारणपणे १५ किलोची मर्यादा असते, हातातल्या बॅगेसकट, आणि बॅग मऊच लागते. कडक ट्रॉली पोटातल्या कप्प्यात बसत नाही. आता हिशोब करा: प्राइम तीन किलो, सोबत १००-४०० ची लेन्स आणि दोन कॅमेरा बॉडी मिळून जवळपास तेवढंच, लॅपटॉप, चार्जर, शिवाय बॅगेचं स्वतःचं वजन. कपड्यांना चारेक किलो उरतात. २००-६०० दोन किलोंच्या थोडी वर जाते आणि दुसरी टेलिफोटो वाचते. रस्त्याने पाच-सहा तासांचा प्रवास करणार असाल, तर हे ओझं जाचत नाही. प्राइम न्यायचीच असेल, तर रस्त्यानेच जा.

दोन बॉडी मात्र दोन्ही पर्यायांत हव्यातच. एकीवर टेलिफोटो, दुसरीवर २४-१०५. उघड्या गाडीत लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ बसलीच. ट्रायपॉड घरी ठेवा, गाडीत तो उभाच राहत नाही. लेन्स टेकवायला रिकामी बीनबॅग न्या, कॅम्पवर तांदूळ किंवा राजमा मागून भरा, आणि फोटो काढताना ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगा. धुळीसाठी लेन्सवर उशीचा अभ्रा उत्तम. केनियात प्लास्टिकच्या पिशव्यांवर ऑगस्ट २०१७ पासून बंदी आहे, त्यामुळे चिवडा-लाडूही डब्यातच भरा.

कपड्यांत खाकी, मातकट रंग घ्या. निळ्या-काळ्याकडे त्सेत्से माश्या ओढल्या जातात. लष्करी छापाचे कपडे टाळा. मारा समुद्रसपाटीपासून दीडेक हजार मीटरवर आहे, त्यामुळे छत उघडलेल्या गाडीत पहाटे जाड जॅकेट लागतंच. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर, आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच.

पिवळ्या तापाची लस जायच्या निदान दहा दिवस आधी घ्या. केनियाहून परतताना तिचा दाखला नसेल, तर भारतात विलगीकरणात ठेवू शकतात.

राहिला पैशाचा प्रश्न. नवी प्राइम दहा लाखांच्या पुढे जाते, म्हणून बहुतेक जण ती मुंबई-पुण्यातून भाड्याने घेतात. घ्यायचीच असेल तर निघण्यापूर्वी एखादा शनिवार-रविवार भिगवणला पक्ष्यांवर वापरून पाहा. एवढी जड लेन्स हाताला सवयीची नसेल, तर भाडं वाया जाईल.