लाइन काउंटर रील : दोन हिवाळे इरी सरोवरावर वापरल्यानंतर

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेरीस मी मासेमारीसाठी ट्रोलिंगची दोन लाइन काउंटर रिळं घेतली, म्हणजे किती दोरी सुटली ते आकड्यात दाखवणारी. जोडी दोनशे डॉलरच्या आत पडली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पहिल्या हिवाळ्यातल्या फजितीत निम्मा वाटा माझा होता आणि उरलेला निम्मा त्यांच्या माहितीपत्रकाचा. त्यात महत्त्वाचं वाक्य शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात होतं.

आधी वापर कुठे होतो ते सांगतो. मी अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या पश्चिमेला राहतो. शेजारी निवृत्त पोलाद कामगार आहेत, बोट त्यांची. ऑक्टोबरअखेरपासून डिसेंबरात पाणी गोठू लागेपर्यंत आम्ही रात्री वॉलाय मासा धरायला जातो. उन्हाळ्यात हा मासा लांब खोल पाण्यात असतो. थंडी पडली की गिझर्ड शॅड आणि एमराल्ड शायनर ही छोटी मासळी किनाऱ्याकडे, बंदरांच्या तोंडाशी येते आणि वॉलाय तिच्या मागे. त्याच्या डोळ्यात मागे प्रकाश परतवणारा पडदा असतो, मांजरासारखा. त्यामुळे अंधारात त्याला दिसतं आणि शॅडला धड दिसत नाही. मासा धक्क्याच्या दगडांजवळ, दहा-वीस फूट पाण्यात येतो तो याच भरवशावर. लोरेन, ह्यूरन, व्हर्मिलियन, क्लीव्हलँडचं एजवॉटर, सगळीकडे हीच तऱ्हा. नोव्हेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे ऑफिस सुटल्यावर निघालं तरी पूर्ण रात्र हाताशी.

ट्रोलिंग म्हणजे बोट रांगत ठेवायची, ताशी सव्वा ते दीड मैल, आणि मागे लांब दोरीवर आमिष ओढायचं. आमिष म्हणजे सडपातळ माशाच्या आकाराचं प्लास्टिक, बोटभरापेक्षा लांब. माझ्या पेटीत स्मिथविकचं परफेक्ट टेन आणि बँडिट, दोन्ही आहेत. दोरीला वहीएवढी तरंगती फळी, म्हणजे प्लेनर बोर्ड, चिमट्याने लावली की चालत्या पाण्याच्या दाबाने ती बाजूला सरकते आणि आमिष बोटीच्या आवाजापासून दूर जातं. रात्री फळीवर छोटा दिवा. दिवा मागे घसरू लागला की मासा लागला.

आता मुद्दा. असं आमिष किती खोल जाईल ते तुम्ही किती दोरी सोडली यावर ठरतं. ऐंशी फुटांवर मासा घेत असेल तर पुढच्या फेरीलाही ऐंशीच हवेत, साठ नकोत. दिवसा अंदाज तरी करता येतो, काळोखात सगळी भिस्त आकड्यावर. म्हणून काउंटर घेतला.

पहिल्या हिवाळ्यात सात फेऱ्या झाल्या. माझ्या दोन दांड्यांवर मिळून तीन मासे. शेजाऱ्यांच्या दोन दांड्यांवर जवळपास प्रत्येक फेरीत दोघा-तिघांची भर. आमिष तेच, रंग तोच, बोट तीच, आकडा तोच: ऐंशी. मी बाजू बदलून पाहिली, आमिषावर लसणाचं तेल चोपडून पाहिलं (इथे ते बाटलीत विकत मिळतं, वास दोन आठवडे जाकिटाला). काही फरक नाही. शेजारी फक्त हसायचे आणि थर्मासमधली कॉफी पुढे करायचे.

एका रात्री नऊच्या सुमारास, धक्क्यावर परतताना, मालवणला काकांना फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात. काकांचं आयुष्य हातदोरीवर गेलं. खोली मोजायची ती वावेने, दोन्ही हात ताणून दोरी ओढायची. तक्रार ऐकून त्यांनी विचारलं, “किती दोरी सोडलंस?”

“ऐंशी फूट.”

“म्हणजे तेरा वाव. मोजल्यान कोणी?”

“रिळावर आकडा येतो, काका.”

“तां चाक मोजता काय दोरी?”

मी हो-हो केलं आणि फोन ठेवला. घरी येऊन माहितीपत्रक पुन्हा काढलं, तेव्हा ते शेवटचं पान सापडलं. काउंटर चाकच मोजतो. रिळाचा एक फेरा म्हणजे इतकी दोरी, हे गणित रीळ काठोकाठ भरलेलं आहे आणि दोरी ठरावीक जाडीची आहे असं धरून कारखान्यात पक्कं केलेलं असतं. मी पैसे वाचवायला महागडी विणलेली दोरी अर्ध्या रिळापर्यंतच भरली होती. गुंडाळा लहान, म्हणून फेराही लहान आणि सुटणारी दोरी कमी.

दुसऱ्या दिवशी ड्राइव्हवेवर टेप पसरून मोजलं. आकडा शंभर, दोरी अठ्ठ्याहत्तर फूट. म्हणजे माझे ऐंशी जेमतेम साठ-बासष्ट भरत होते आणि आमिष माशांच्या डोक्यावरून जात होतं. शेजाऱ्यांची रिळं अगदी काठाशी भरलेली होती, पण त्यांना कारण कधी सांगावंसं वाटलं नाही. वीस वर्षं भरतात तशी भरली, इतकंच.

उपाय स्वस्त आहे. खाली साध्या नायलॉनचा थर, वर विणलेली दोरी, काठापासून दोन-तीन मिलिमीटर सोडून. परत मोजलं तेव्हा शंभरावर अठ्ठ्याण्णव आले. दोन्ही रिळं एकमेकांशी जुळतात का तेही पाहा. शंभरावर अठ्ठ्याण्णव असोत की त्र्याण्णव, दोन्हीकडे सारखे हवेत. आणि गाठ अडकून दोरी तुटली, की रीळ तेवढं रिकामं झालं हे विसरू नका. धक्क्याच्या दगडांत महिन्यातून एकदा तरी तुटतेच.

यंदाच्या हिवाळ्यातल्या हिशोबात शिरत नाही, आता शेजाऱ्यांच्या बरोबरीला आहे एवढं पुरे. सर्वात मोठा अठ्ठावीस इंची, लोरेनच्या लाटरोधक बांधाजवळ, १९१७ साली बांधलेल्या दीपगृहाच्या उजेडात. ओहायोत इरीवर दिवसाला माणशी ६ मासे आणि किमान लांबी १५ इंच, त्यामुळे मोजपट्टी बोटीत ठेवावीच लागते. इथल्या लोकांना आकड्यांचं वेड आहे हे मात्र खरं. २०२२ मध्ये क्लीव्हलँडच्या स्पर्धेत दोघांनी वॉलायच्या पोटात शिशाची वजनं भरली होती, मासा चिरल्यावर सापडली आणि प्रकरण कोर्टात गेलं. माझ्या रिळाने निदान अजाणता फसवलं.

बाकीचं थोडक्यात. ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सुटू देणारा ब्रेक, गुळगुळीत आहे, मोठ्या माशाने झटका दिला तरी दोरी हिसडत नाही. दोरी सुटताना टिकटिकणाऱ्या क्लिकरचा आवाज मोठा, रात्री तोच उपयोगी. हातमोजे घालूनही हँडल धरता येतं. आकडे अंधारात वाचायला कपाळावरचा लाल दिवा वापरा. पांढरा लावलात तर पुढची पाच मिनिटं फळीचा दिवा दिसत नाही. काकांचं ऐकून मी तेरा वावेवर, म्हणजे अठ्ठ्याहत्तर फुटांवर, दोरीला बारीक लाल दोरा बांधला आहे. दांडीवरच्या कड्यांतून तो सहज जातो आणि अंगठ्याखाली लागतो, तेव्हा आकडा न बघताही थांबता येतं.

धक्क्यावरून गळ टाकणारे लोकही असतात, त्यांच्या दोऱ्यांपासून लांब राहा. फळी चाळीस फूट बाजूला जाते, म्हणजे बोट लांब असली तरी फळी त्यांच्या गळांत शिरू शकते. एकदा शिरली, शिव्या खाल्ल्या, योग्यच होतं.

खोडी दोन. शून्याखाली तापमान गेलं की एका रिळाचं शून्य करायचं बटण चिकटतं, फुंकर मारून सोडवावं लागतं. आणि आकड्यावरच्या काचेत आतून धुकं धरतं. कंपनीला दोनदा लिहिलं, पहिल्यांदा उत्तर आलं की रीळ कोरड्या जागी ठेवा. बोट सरोवरात असते हे कळवलं, त्यानंतर उत्तर नाही. सध्या फेरीनंतर रीळ घरात आणून हीटरजवळ उघडं ठेवतो. बायकोची त्याला हरकत आहे, पण वॉलायचे तुकडे रव्यात घोळून कोकमाच्या आगळाबरोबर पानात आले की ती तेवढ्यापुरती मागे पडते.