वाचनालयाच्या वर्गणीवर उभा केलेला लेखनाचा पोर्टफोलिओ: काही महिन्यांनंतर

फ्रीलान्स लेखनात आधी अडतं ते नमुन्यांपाशी. काम मागायला गेलं की 'सॅम्पल पाठवा', आणि काम मिळाल्याशिवाय सॅम्पल कुठून आणायचं? शेवटी नाशिकमधल्या एका जुन्या वाचनालयाची वर्गणी आणि अनामत भरली. आता काही महिने वापरल्यावर सांगते.

देवघेव विभागाचा मला फारसा उपयोग झाला नाही. खरा माल संदर्भ विभागात आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतला, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या जिल्हावार सरकारी माहितीग्रंथांतला, १८८३ चा नाशिकचा खंड तिथे मिळाला. येवल्याचं रेशीम, नाशिकच्या तांबटांचा धंदा, सगळं त्यात आहे. अर्थात जुनी गॅझेटियर्स राज्याच्या दर्शनिका विभागाने ऑनलाइनही दिली आहेत. तेवढ्यासाठी वर्गणी भरू नका.

वर्गणी वसूल होते ती स्मरणिकांमध्ये. शाळांच्या, बँकांच्या, गणेश मंडळांच्या. यातलं नेटवर मला जवळजवळ काहीच सापडलं नाही. मुख्य लेख सोडा, मागच्या जाहिराती वाचा. एका स्मरणिकेत भांड्यांच्या दुकानांची पानंच्या पानं होती: तीन आकडी फोन नंबर, 'कल्हई करून मिळेल', 'लग्नाच्या रुखवताची खास सोय'. ती नावं वहीत उतरवून भांडी बाजारात गेले आणि त्या गल्ल्यावर आता कोण बसतं ते विचारत फिरले. काही दुकानांत नातू होते, एका ठिकाणी मोबाइलची कव्हरं. गॅझेटियर, जाहिराती आणि त्या गप्पा मिळून जो लेख झाला तो एका पुरवणीने घेतला. मानधन विचारू नका! पण पुढची कामं त्याच लेखाची लिंक पाठवून मिळाली. दहा वेबसाइट चाळून जुळवलेला मजकूर संपादकांकडे रोज येतो; त्यात आणखी एकाची भर कशाला?

जुने दिवाळी अंकही भरपूर आहेत, पण ते विषय सुचण्यापुरतेच. मजकूर उचलू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे त्यातलं बरंचसं अजून संरक्षित आहे.

आता कटकटी. संगणकावरची सूची अर्धवट आहे. स्मरणिका तर तिच्यात नाहीतच, काउंटरवरच्या काकांना विचारावं लागतं आणि दुपारी ते जेवायला गेले की कपाटाची किल्लीही जाते. झेरॉक्स फक्त बाहेरच्या टपरीवर, आणि बांधीव खंड बाहेर नेऊ देत नाहीत. मोबाइलने फोटो काढायचा तर आधी अर्ज. वायफाय आहे असं फलकावर लिहिलंय.

कॉपीरायटिंग किंवा टेक लेखन करणार असाल तर यातलं फारसं कामाला येणार नाही. स्थानिक इतिहास, खाद्य, व्यापार, प्रवास असे विषय असतील तर जरूर सभासद व्हा. मी पुढची वर्गणी भरली आहे. अनामत परत मिळते, पण मूळ पावती दाखवावी लागते, तेवढी जपून ठेवा.